बिअरची चव आणि ग्रॅमचा हिशेब

हेफेवायझन या गव्हाच्या जर्मन बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. पण तिच्यात केळे नसते. हा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा. आंबवण्याच्या प्रक्रियेत यीस्ट ते तयार करते. सोबत जाणवणारी लवंगेची झाकही यीस्टमुळेच येते. कडवटपणा मात्र हॉप्सच्या फुलांचा. ती उकळली की त्यांतील आम्लांचे रूप बदलते आणि बिअरला कडू चव येते.

म्हणूनच क्राफ्ट बिअरचे रसिक आधी हुंगतात, मग चाखतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचे बारकावे घशातून नाकाकडे जाणाऱ्या वासातून उमगतात. फार गार बिअरमधून हे वास नीट सुटत नाहीत. उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र दर्प येतो, म्हणून बाटली गडद तपकिरी असते.

या रसिकतेत एक हिशेब मात्र निसटतो. ५ टक्के अल्कोहोल असलेल्या ५०० मिलि बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये जवळपास ३२ ग्रॅम. क्राफ्ट बिअरचे काही प्रकार एवढे तीव्र असतात. यकृताला चवीशी देणेघेणे नसते. भार पडतो तो या ग्रॅमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

वास ओळखायला दोन-चार घोट पुरतात. अनेक प्रकार चाखायचे असतील तर छोटे ग्लास मागवावेत, पोटात अन्न असावे आणि गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्यावी. जे पीत नाहीत, त्यांनी चवीपायी सुरुवात करू नये.