गोदावरी नावाच्या तीन युद्धनौका

जुन्या युद्धनौकेचे नाव नव्या नौकेला देण्याची प्रथा फ्रेंच नौदलात चांगलीच रुजलेली असून, 1805 च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत ज्या शिडाच्या जहाजावरून सुटलेल्या गोळीने इंग्रज नौसेनानी नेल्सन प्राणास मुकला, त्या ‘रदुताब्ल’चेच नाव 1967 मध्ये जलावतरण झालेल्या फ्रान्सच्या पहिल्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीला मिळाले. भारतीय नौदलातील अशाच एका नावाचा धागा समुद्रापासून दूर असलेल्या अकोले तालुक्यापर्यंत पोहोचतो. कारण रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी आणि भंडारदऱ्याचे धरण भरून पुढे वाहणारी प्रवरा, नेवासे तालुक्यात ज्या नदीला मिळते, ती गोदावरी तीन युद्धनौकांची नामदात्री आहे.

यांपैकी पहिली ‘गोदावरी’ 1943 मध्ये इंग्लंडमध्ये बांधली गेली. ती स्लूप, म्हणजे प्रामुख्याने व्यापारी जहाजांच्या काफिल्याला शत्रूच्या पाणबुड्यांपासून संरक्षण देणारी लहान युद्धनौका होती. फाळणीच्या वेळी रॉयल इंडियन नेव्हीच्या ताफ्याची वाटणी झाली, तेव्हा ही नौका पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तेथे तिचे ‘सिंध’ असे नामांतर झाले. नौका गेली तरी नाव भारताकडे राहिले, आणि 1953 मध्ये ते ब्रिटनकडून मिळालेल्या हंट वर्गातील एका विनाशिकेला देण्यात आले. या दुसऱ्या नौकेचा पूर्वेतिहास अधिक विलक्षण म्हणावा लागेल: ब्रिटिशांची ‘बेडेल’ म्हणून बांधली गेलेली ही विनाशिका दुसऱ्या महायुद्धात पोलिश नौदलाने ‘श्लोंझाक’ या नावाने चालवली होती आणि 1942 च्या दिएपवरील चढाईत तिने भाग घेतला होता. म्हणजे एका नावाला तीन नौका लाभल्या, तर त्यांतील एका नौकेला तीन नावे.

तिसरी ‘गोदावरी’ मात्र उसनी नव्हती. ब्रिटिश लिअँडर रचनेचा आधार घेऊन भारतीय अभियंत्यांनी आखलेली आणि मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ही फ्रिगेट 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात दाखल झाली. एकाच नौकेवर सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य यंत्रणा आणि भारतीय बनावटीची उपकरणे एकत्र नांदवणे हे या रचनेचे खरे आव्हान होते, आणि तिचे महत्त्व मोजायचे तर याच कसोटीवर मोजले पाहिजे. तिच्या भगिनी नौकांनाही ‘गंगा’ आणि ‘गोमती’ ही नद्यांचीच नावे मिळाली. तीही पूर्वी हंट वर्गातील नौकांनी वापरलेली होती. 23 डिसेंबर 2015 रोजी ‘गोदावरी’ सेवानिवृत्त झाली.

फ्रिगेटना पर्वतांचीही नावे दिली जातात. 2012 मध्ये दाखल झालेल्या ‘सह्याद्री’मुळे अकोल्याचा नौदलाशी दुसराही संबंध जुळतो, कारण सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील रांगांचे सर्वोच्च शिखर, 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. ‘निलगिरी’ हे 1972 मधील फ्रिगेटचे नाव 15 जानेवारी 2025 रोजी नव्या नौकेसह पुन्हा ताफ्यात आले; तिच्या वर्गातील सात नौकांपैकी सहांची नावे अशी जुनीच असून ‘महेंद्रगिरी’ तेवढी नवी आहे.