जोडारीचा जॉब

कोल्हापुरात कळंबा रस्त्यावर असलेल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, आणि राज्यातील अशा प्रत्येक आयटीआयमध्ये, शिकवण्याचे सर्वांत लहान एकक म्हणजे ‘जॉब’. प्रशिक्षणार्थ्याच्या हाती दिलेला लोखंडाचा तुकडा, त्याला कोणते रूप द्यायचे हे मापांसह सांगणारे रेखाचित्र आणि ते रूप येईपर्यंत कोणते काम कशानंतर करायचे याचा ठरलेला क्रम, या तिन्हींना मिळून कार्यशाळेत हे नाव रूढ आहे. तास घंटा वाजली की संपतो, जॉब माप आले की संपतो. आणि व्यावसायिक शिक्षणातील कृतिपाठ कसे रचावेत, शिकणाऱ्याचे मन त्यांत कसे गुंतावे, या प्रश्नाचा विचार करायचा तर या लहानशा एककाकडे जितके बारकाईने पाहावे तितके थोडे आहे.

जोडारी, म्हणजे फिटर, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आयटीआयच्या परिभाषेत अशा प्रत्येक ‘ट्रेड’ला व्यवसाय आणि तो शिकवणाऱ्याला निदेशक म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत निदेशक प्रशिक्षणार्थ्याला वाईसपुढे उभे करतो आणि त्याच्या हाती कानस देतो. काम दिसायला साधे असते, एक पृष्ठभाग सपाट करायचा. पण कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना कापत नाही, म्हणून दाब पुढच्या फेरीतच द्यावा लागतो, आणि फेरी सुरू होताना टोकावरच्या डाव्या हाताचा दाब अधिक, संपताना मुठीवरच्या उजव्या हाताचा अधिक, असा तोल क्षणोक्षणी बदलावा लागतो. हा तोल चुकला की कानस तराजूच्या दांडीसारखी डोलते आणि पृष्ठभाग मध्ये फुगीर, कडांना उतरता होतो. हे सारे फळ्यावर सांगता येते, परंतु सांगून हाताला कळत नाही. हाताला ते कळते गुण्यामुळे. काटकोन तपासण्याचे हे साधन जॉबवर टेकवून उजेडाकडे धरले की पोलादी पाते आणि पृष्ठभाग यांच्यामधून जिथे प्रकाशाची रेघ दिसते तिथे लोखंड अधिक गेलेले असते आणि जिथे रेघ दिसत नाही तिथे ते अजून काढायचे असते. पुढच्या टप्प्यावर अगदी सपाट अशा सरफेस प्लेटला निळा रंग लावून जॉब तिच्यावर घासतात आणि उंच राहिलेल्या जागा निळ्या होऊन आपोआप उघड होतात.

या पाठरचनेचे मर्म इथेच आहे. चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही, ती वस्तूतच दिसते, आणि दिसल्याबरोबर पुढे काय करायचे तेही दिसते. मारिया माँटेसरी यांच्या दट्ट्यांच्या ठोकळ्यात एखादा दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या उरतोच आणि मुलाला स्वतःची चूक कळते; ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे महाराष्ट्रातील बालशाळांना परिचित झालेले तेच तत्त्व इथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील लोखंडात उतरलेले आहे. वरवर पाहता कंटाळवाण्या वाटणाऱ्या कानसकामात अनेक मुले तासन्‌तास रमतात त्याचे कारण रंगीत तक्त्यांत किंवा निदेशकाच्या उत्तेजनात शोधण्याऐवजी या प्रकाशरेषेत शोधावे, कारण प्रत्येक दहा-वीस फेऱ्यांनंतर तिचे उत्तर मिळत असते आणि ते उत्तर कोणाची भीड धरत नाही.

एकेक जॉब आधीच्याहून थोडा अवघड अशा चढत्या क्रमाने कामाची मांडणी करण्याच्या पद्धतीला मोठा इतिहास आहे. मॉस्कोच्या इंपिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर देल्ला-व्होस यांनी १८६८ च्या सुमारास शिकण्याच्या कार्यशाळा उत्पादनाच्या कार्यशाळांपासून वेगळ्या काढल्या, प्रत्येक हत्याराच्या मूलभूत क्रिया निवडल्या आणि त्या सोप्यापासून अवघडापर्यंत नमुन्यांच्या मालिकेत बसवल्या. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले तेव्हा अमेरिकेतील तंत्रशिक्षणाची दिशाच बदलली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नवशिक्या कामगारांना लवकर तयार करण्याची निकड पडली तेव्हा अमेरिकेतील ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या योजनेने शिकवण्याची कृती चार पायऱ्यांत बसवली: शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करणे, काम करून दाखवत समजावणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवत हळूहळू बाजूला होणे. आयटीआयचा कोणताही अनुभवी निदेशक याच पायऱ्यांनी चालतो, मग त्याने त्या योजनेचे नाव ऐकलेले असो वा नसो.

भारतात आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, तरी जॉबसोबत द्यावयाचे छापील साहित्य दीर्घकाळ तुटपुंजेच होते. १९८६ मध्ये जर्मनीच्या तांत्रिक साहाय्याने चेन्नई येथे केंद्रीय अनुदेशन माध्यम संस्था उभी राहिली; आज ती ‘निमी’ या नावाने ओळखली जाते आणि तिची पुस्तके मराठीतही निघतात. या पुस्तकांची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात प्रत्येक जॉबच्या आरंभी शेवटी काय करता आले पाहिजे हे क्रियापदांत सांगितलेले असते, रेखाचित्र असते, त्यानंतर कामाचा क्रम असतो, आणि ज्या क्रियेत हात अडखळण्याचा संभव आहे तेवढीच क्रिया सुटी काढून चित्रांसह उलगडणारा कौशल्यक्रम निराळा दिलेला असतो. कामाचा क्रम आणि कौशल्यक्रम यांची ही फारकत फार शहाणपणाची आहे, कारण ज्याला आखणी येते त्याला ती पुन्हा वाचावी लागत नाही आणि ज्याला येत नाही त्याला ती नेमकी जिथे लागते तिथे सापडते. भाषेचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागतो. आटे, बीड, भोक, कानस हे शब्द कार्यशाळेत जिवंत असताना त्यांच्या जागी कोशातून घडवलेले संस्कृत शब्द आले तर रेखाचित्र वाचू शकणारा मुलगाही मजकुरावर थबकतो. याउलट टॅप, डाय, रीमर यांना मराठी पर्याय शोधण्याचा अट्टहास कोणाच्याच उपयोगाचा नाही.

कोल्हापूरच्या संदर्भात या छापील क्रमाला सामाजिक अर्थही आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात बलुतेदारी बंद केली आणि धंद्याची जन्माशी बांधलेली गाठ कायद्याने सोडली. पण गाठ सुटली तरी विद्या आपोआप सर्वांपर्यंत पोचत नाही. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या आणि ओतकामाच्या धंद्याबरोबर वाढलेली मेस्त्रीपरंपरा अतिशय समृद्ध असली, तरी तिच्यातील ज्ञान मेस्त्रीच्या हातात असे, आणि ते कोणाला, केव्हा, किती द्यायचे हे मेस्त्री ठरवी. वर्षानुवर्षे झाडलोट आणि हत्यारे पुसणे यांतून सरकत सरकत यंत्रापर्यंत पोचणारा उमेदवार आणि दुसऱ्याच आठवड्यात कौशल्यक्रम समोर ठेवून कानस चालवणारा प्रशिक्षणार्थी यांच्यातील अंतर हे शिक्षणाच्या हक्काचे अंतर आहे. मेस्त्रीचे मोल यामुळे उणे होत नाही. क्रमात न मावणारे, म्हणजे आवाजावरून यंत्राची कुरकुर ओळखणे किंवा कापल्या जाणाऱ्या धातूच्या रंगावरून हत्याराची धार जोखणे, हे आजही त्याच्यापाशीच शिकावे लागते, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने आयटीआयनंतर कारखान्यात काढावयाचा काळ त्यासाठीच महत्त्वाचा ठरतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्यांची संख्या मोठी असल्यामुळे ओतकामाचा जॉब कसा रचावा हा प्रश्न या जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. तिथे अडचण निराळी आहे, कारण लोखंडाचा रस प्रत्येक सरावासाठी वितळवणे परवडत नाही आणि नवशिक्याच्या हाती तो देणे धोक्याचेही असते. वाळूने ही अडचण सोडवली आहे. बेंटोनाइट ही चिकणमाती आणि पाणी मिसळलेली वाळू पेटीत ठोकायची, पॅटर्न, म्हणजे वस्तूच्या आकाराचा नमुना, अलगद उपसायचा, साच्याची कड ढासळली का ते पाहायचे, रस जाण्याची वाट कापायची, वायू निघण्यासाठी सळईने छिद्रे पाडायची, आणि सारे पाहून झाले की वाळू मोडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. रस न ओतताही साचेकामाचा मोठा भाग असा शिकता येतो आणि साहित्य जवळजवळ वाया जात नाही. पण कानसकामातील प्रकाशरेषेसारखे तत्काळ उत्तर इथे मिळत नाही. वाळूत ओल जास्त राहिली, ठोकणी कमी-जास्त झाली किंवा वायूला वाट मिळाली नाही, तर त्याचे फळ ओतल्यानंतर, तेही कित्येकदा बिडाच्या पोटात दडलेले असते. म्हणून ओतकामाच्या प्रशिक्षणात नापास झालेल्या वस्तू भंगारात टाकण्यापूर्वी करवतीने मधोमध कापून ठेवणे हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा किंवा संगणकावरील आभासी सरावापेक्षा मोलाचे साधन ठरते, कारण वायूची पोकळी, आकुंचनाची पोकळी आणि निसटलेल्या वाळूचे डाग एकमेकांपासून कसे वेगळे दिसतात हे बोटाने चाचपून कळते.

जॉबच्या पद्धतीतील उणीवही स्पष्ट आहे. बहुतेक जॉब माप घेऊन झाले, गुण मिळाले की भंगारात जातात, आणि जे घडवले ते कशाला लागते हे मुलाला दिसत नाही. जोडारीच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला ०.२५ मिलिमीटरची चूक चालते आणि शेवटी ती मुभा ०.०२ मिलिमीटरवर येते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीहूनही कमी. पण आकडा एवढा बारीक का व्हावा हे आकड्यातून समजत नाही, ते जुळणीच्या जॉबांतून समजते. नट घडवून तो आपणच डायने आटे पाडलेल्या बोल्टवर चढवणे, किंवा एका तुकड्याची डोव्हटेल जीभ दुसऱ्याच्या खाचेत सरकवणे, हे जॉब म्हणूनच अभ्यासक्रमातील सर्वांत सरस म्हणावे लागतात. दोन्ही तुकडे मापात असले तरी कडांवरची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, काढलेली नसेल तर ते अडतात. एक बाजू सैल आणि दुसरी घट्ट असेल तर उलटे फिरवून घालताना ते कळते. तेव्हा प्रशिक्षणार्थी रेखाचित्राकडे पुन्हा वळतो, निळा रंग लावतो, घासतो, आणि नेमकी कोणती जागा अडते ते पाहून पातळ कानस उचलतो.