काम एकच, नावे दोन

पेण/रोहा : गणेशोत्सवाला अवकाश असतो, तेव्हापासूनच पेण शहर आणि हमरापूर, जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत लगबग सुरू होते. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा घासणे, भेगा बुजवणे, रंगाचा पहिला हात देणे या कामांत महिला मोठ्या संख्येने गुंतलेल्या असतात. डोळ्यांची आखणी हे वेगळ्या कसबाचे काम; त्याची मजुरी अधिक असावी याविषयी दुमत नाही. प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. तेच घासकाम, तेच रंगकाम पुरुषाने केले की तो 'कारागीर' आणि बाईने केले की ती 'मदतीला', असे का? मजुरी कामावरून न ठरता या नावावरून ठरू लागली, की कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो.

या नावांचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच केला आहे. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. १९७७ मध्ये त्यांची सेवा संपुष्टात आली. त्यानंतर, पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा आपल्याला कमी वेतन मिळत होते, अशी दाद त्यांनी समान वेतन कायदा, १९७६ अन्वये मागितली. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या महिला स्टेनोग्राफरांचा गट वेगळा असून त्यांची वेतनश्रेणी युनियनशी झालेल्या करारानेच ठरली आहे, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. आधी एखाद्या जागी केवळ महिलाच नेमायच्या आणि मग तो गट निराळा म्हणायचे, हे मान्य झाले नाही. कंपनीची आर्थिक स्थिती बिकट असल्याची सबबही टिकली नाही.

१९७६ चा तो कायदा आता वेतन संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी सारखी असेल, कामाची परिस्थितीही सारखी असेल, तर ते काम 'समान स्वरूपाचे' ठरते. फरक नाममात्र असल्यास तो धरला जात नाही. पुरुषांची मजुरी घटवून बरोबरी साधण्यासही मनाई आहे.

रोह्यात चित्र निराळे आहे. धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि हा उद्योग पाळ्यांवर चालतो. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार महिलांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवता येत असे. राज्य सरकारला सवलत देता येई. पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ बंदच होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून अटींसह रात्रपाळी खुली केली. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही महिलेची संमती आणि सुरक्षेच्या अटींवर ती मान्य केली आहे.

हेतू संरक्षणाचा होता, हे खरे. परिणाम मात्र असा झाला की, तीन पाळ्यांत फिरणारी जागा ही पुरुषाचीच जागा ठरली. पाळीत काम केल्याखेरीज प्लांटचा पूर्ण अनुभव नाही आणि अनुभवाखेरीज बढती नाही. महिलांच्या वाट्याला प्रयोगशाळा, पॅकिंग वा कार्यालय उरले. बंदी उठली तरी दशकानुदशकांचा हा मागे पडलेला अनुभव एका अधिसूचनेने भरून येत नाही. शिवाय संमतीपत्रावर सही झाली, तरी रात्री पाळी सुटल्यावर गावाकडे जायला एसटी कुठली?

लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत दोन्ही ठिकाणचा फरक अधिक जाणवतो. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. लहान मूर्तिकारखान्यात ती नसली, तरी तेथील महिला उघड्यावर नाही. जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे तिला दाद मागता येते. आरोप खुद्द मालकावर असला तरीही तोच मार्ग. तक्रार लेखी व घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांपर्यंत मुभा मिळू शकते. ती स्वीकारून समितीकडे पाठवण्यासाठी तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे पेणच्या महिलेला अलिबागची वाट धरावीच लागेल असे नाही.

राहिल्या पेणच्या घराघरांतून पापड लाटणाऱ्या महिला. त्यांची मजुरी किलोवर, कामाची जागा स्वतःची ओटी, आणि हजेरीपट नाही. समान कामाची तुलना करायला शेजारी पापड लाटणारा पुरुषच नसतो.