वाजिमा : एक लहान जपानी नगर

जपानच्या होन्शू बेटावरून नोतो नांवाचें एक चिंचोळें द्वीपकल्प समुद्रांत शिरलें आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर वाजिमा नगर आहे. २०२० सालच्या खानेसुमारींत येथील वस्ती पंचवीस हजारांच्या आंतच भरली. तथापि रोगण चढविलेल्या लांकडी भांड्यांमुळें त्याचें नांव जपानभर घेतलें जातें.

हें रोगण म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाख नव्हे. आपली लाख किड्यापासून मिळते. जपानी 'उरुशी' हा एका झाडाचा चीक आहे. तें झाड बिब्ब्याच्याच कुळांतील असून त्याचा चीक अंगास लागल्यास तसेच फोड येतात. हा चीक उन्हांत वाळवीत नाहींत. दमट व उबदार कपाटांत ठेवला म्हणजे तो घट्ट होतो. वाजिमाचे कारागीर वाडग्याच्या नाजूक कडांस कापड चिकटवितात. मग जवळच्या टेकडीची माती भाजून, दळून, चिकांत कालवितात व तिचे थरावर थर देतात. शंभरांहून अधिक क्रियांनंतर वाडगा पुरा होतो. कातारी, थर देणारा, घांसणारा, सोनेरी नक्षी करणारा, असे निरनिराळे हात त्यांत असतात. पाहणारास झळाळी दिसते; बळ मात्र आंतल्या थरांत असतें.

जी भूमि ही माती देते, तीच अन्नही देते. 'आमा' म्हणविणाऱ्या स्त्रिया केवळ श्वास रोखून समुद्रांत बुडी मारतात व शंखवर्गीय प्राणी आणि शेवाळ काढतात. शिरोयोने येथें डोंगरउतारावर भाताचीं १००४ चिमुकलीं खाचरें थेट समुद्रापर्यंत उतरलीं आहेत. मासळी व भाजी प्रातःकाळच्या बाजारांत विकली जाई. ह्या बाजाराची परंपरा हजार वर्षांची सांगतात.

१ जानेवारी २०२४ रोजीं ७.६ प्रतीचा भूकंप झाला. बाजारपेठ आगींत भस्म झाली; किनारा कांहीं ठिकाणीं सुमारें चार मीटर वर उचलला गेल्यानें बंदर उथळ झालें; खाचरांस भेगा पडल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत महापूर आला. कला, अन्न व निसर्ग एकाच भूमीवर उभे असल्यामुळें घावही तिहींवर एकदमच बसला. शिवाय रोगणकामांत एक कारागीर गांव सोडून गेला, तर बाकीच्यांचें काम अडतें.

तरीही मार्च २०२४ पासून तेथील विक्रेत्या कानाझावा आदि नगरांत जाऊन आपला बाजार मांडूं लागल्या, व त्याच वसंतांत थोड्या खाचरांत पुन्हां भात लावला गेला. वाजिमास जाऊं इच्छिणारानें आधीं वाट व मुक्काम यांची चौकशी करावी. आणि तेथें एक वाडगा विकत घेतांना आपण अनेक हातांस कामावर ठेवीत आहों, हें ध्यानीं धरावें, असें आम्हांस वाटतें.