अनुरक्षण व क्रीडासंघ

बालगृहातून अथवा प्रतिपालक कुटुंबातून वयोमर्यादेमुळे बाहेर पडणाऱ्या तरुणांना स्वावलंबी होईपर्यंत दिले जाणारे साहाय्य म्हणजे अनुरक्षण. इंग्लंडमध्ये हे दायित्व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. २००० च्या कायद्याने अशा तरुणांसाठी वैयक्तिक सल्लागार व लेखी योजना आवश्यक ठरविली. २०१७ च्या कायद्याने सल्लागाराचे साहाय्य वयाच्या पंचविशीपर्यंत मिळण्याची सोय झाली. तथापि कायद्याला निवारा व शिक्षण यांची तरतूद करता येते; ठरलेल्या दिवशी वाट पाहणारी माणसे पुरविता येत नाहीत.

ही उणीव काही अंशी क्रीडासंघ भरून काढू शकतात. १९८६ मध्ये वायव्य इंग्लंडमधील सहा फुटबॉल संघांत संघटित समाजकार्याचा प्रारंभ झाला. पुढे अनेक व्यावसायिक संघांनी त्यासाठी स्वतंत्र धर्मादाय न्यास स्थापिले. प्राधिकरणाने तरुण पाठवावा आणि संघाने त्याला सराव, पंचाचे वा प्रशिक्षकाचे शिक्षण, मैदानावरील उमेदवारी द्यावी, असे या सहकार्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. खेळातील प्रावीण्य हा येथे गौण भाग होय. खेळाची मुळीच आवड नसलेल्यालाही संघाची हिशेबवही सांभाळता येते. खरा धोका अल्पमुदतीच्या अनुदानाचा. उपक्रम काही महिन्यांत बंद पडला, तर वारंवार घरे बदललेल्या तरुणाच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते. त्या दृष्टीने नामांकित संघापेक्षा गावचा हौशी संघ पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो.

भारतात २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार अनुरक्षणाची मर्यादा सामान्यतः २१ वर्षांपर्यंत आहे.