सोलापूरच्या उन्हात यीस्टला गारवा का लागतो?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे गेला की माणसं सावली शोधतात. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आणखी एका जिवाला गारवा लागतो. त्याचं नाव यीस्ट. पाव फुगवणारी हीच एकपेशीय बुरशी उसाच्या मळीपासून इथेनॉल बनवते, जे पुढे तुमच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळलं जातं.

साखर काढून झाल्यावर उरलेली मळी पाण्यात पातळ करतात आणि टाकीत यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं, इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. कागदावर १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं. टाकीत तेवढं मिळत नाही, कारण थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी वापरतं. या आकड्याच्या जितकं जवळ जाता येईल, तितकी डिस्टिलरीची कमाई.

खरी अडचण तापमानाची. यीस्टला साधारण ३० ते ३३ अंश मानवतात. आंबताना टाकीत उष्णता तयार होते, त्यात बाहेर सोलापूरचं ऊन! पारा चढला की यीस्ट मंदावतं, ४० च्या आसपास पेशी मरू लागतात. म्हणून टाकीतला द्रव सतत थंड पाण्याच्या यंत्रणेतून फिरवावा लागतो.

बाकीची बडदास्तही कमी नाही. सामू ४.५ च्या आसपास, म्हणजे आंबटसर ठेवतात. नाहीतर जिवाणू साखर पळवतात. नायट्रोजनसाठी युरिया, तोच शेतातला. सुरुवातीला पेशी वाढाव्यात म्हणून हवा, नंतर बंद.

मग मळी एकदम घट्टच का घालत नाहीत? मुरांबा वर्षभर टिकतो, त्याच कारणामुळे. जास्त साखर पेशीतलं पाणी ओढून घेते. त्यामुळे मळी थोडीथोडी सोडतात.

इथे पाण्याचा प्रश्न येतो, आणि दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात तो छोटा नाही. आंबलेल्या १०० लिटर द्रवात ८ लिटर अल्कोहोल असेल, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक लिटरमागे साडेअकरा लिटर काळं, उग्र वासाचं सांडपाणी उरतं. याला स्पेंटवॉश म्हणतात. अल्कोहोल १२ लिटरवर नेलं, तर तेच सव्वासात लिटरच्या आसपास येतं.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. अशा वर्षात मळीतून निघणारा प्रत्येक लिटर कारखान्याला, पर्यायाने ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला मोलाचा.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, त्यात यीस्टचे अनेक वाण जपलेले आहेत. ‘क्लुइव्हेरोमायसीस मार्क्सियानस’ नावाचं यीस्ट तर ४५ अंशांतही वाढतं. सोलापूरसाठी अगदी फिट वाटतं ना? पण जास्त अल्कोहोल त्याला सोसत नाही.