पायाखालचा खडक

इटलीतील वायाँत नदीवरचे २६२ मीटर उंचीचे धरण आजही उभे आहे. परंतु ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री शेजारच्या टॉक पर्वताची कड, सुमारे २६ कोटी घनमीटर खडक घेऊन, जलाशयात कोसळली. धरणावरून उसळलेल्या लोंढ्याने लाँगारोने गाव धुऊन नेले. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. काँक्रीट अभंग राहिले. घसरल्या त्या चुनखडीच्या थरांमधील चिकणमातीच्या पातळ पट्ट्या. पाण्याचा दाब वाढला की अशा थरांची परस्परांवरील पकड सैल होते.

भूविज्ञानाच्या पदवीनंतर अभियांत्रिकी भूविज्ञानाकडे का वळावे, असे कोणी विचारल्यास आम्ही हेच उदाहरण पुढे करू. इंग्लंडात लीड्स विद्यापीठात या विषयाचा वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. विंधणातून निघालेल्या दगडाच्या कांड्या वाचणे, मातीचे बळ मोजणे, उतार कितपत टिकेल याचे गणित मांडणे, ही या विद्येची नित्याची कामे. गणिताची धास्ती असणाऱ्याने हे आधीच जाणलेले बरे!

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही दोन लाव्हाथरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा मऊ थर आढळतो. बोगदा खणण्यापूर्वी तो कोठे आहे व किती जाड आहे, हे याच विद्येच्या जाणकाराला सांगावे लागते.